आधी कोण उठतं

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात माणसांना कामावरून काढायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांचं बोलणं इतकं गोड होतं की त्यांच्या टेबलाला मुंग्या लागत. ही थाप नव्हे. शिपाई रोज सकाळी टेबलाच्या चारही पायांभोवती पावडर टाकायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुंग्या पावडरीला वळसा घालून पुन्हा हजर. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठीमागे साखरबाई. एका कारकुनाला त्यांनी असल्या मधाळ शब्दांत घरी पाठवलं, की बढती मिळाली असं समजून तो बायकोला घेऊन स्टुडिओत फोटो काढायला गेला. नोकरी गेल्याचं त्याला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडलं नाही तेव्हा. तरी बिचारा म्हणत होता, "काही म्हणा, मॅडम मात्र फार चांगल्या!"

अशा बाईंच्या हाताखाली शिकायला मिळणं हे मोठं भाग्य. निदान भाचीला तसं वाटत होतं.

तिला आपण भाचीच म्हणू. ऑफिसात तिला सगळे 'इंटर्न' म्हणून हाक मारत आणि ती कोणाची भाची आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ते कटाक्षाने लपवलं होतं. कारण तिचा सख्खा मामा त्याच कारखान्यात कामाला होता आणि मामा काय करतो हे सांगायची तिला लाज वाटे. मामा बसायचा.

खरोखरच बसायचा. हुद्दा तपासनिसाचा. तयार झालेली खुर्ची त्याच्यापुढे आणून ठेवायची. मग त्याने तिच्यात बसायचं, डोळे मिटायचे, जरा इकडे, जरा तिकडे कलायचं आणि "पास" किंवा "नापास" एवढंच म्हणायचं. या कामाचा त्याला कोण गर्व! जसं काही देशाचा कारभार त्याच्याच बुडाखालून चालला होता. तो म्हणे, "लोक घाम गाळून पोट भरतात, मी घाम न गाळता भरतो. बुद्धी लागते त्याला." एकदा जेवणानंतर असाच एका खुर्चीत बसला असताना त्याला डुलकी लागली, तर पॅकिंगवाल्यांनी त्याला खुर्चीसकट प्लास्टिकात गुंडाळून ट्रकवर चढवलं. परगावच्या दुकानदाराने वेष्टण फाडलं तर आत मामा. दुकानदाराचं तक्रारीचं पत्र आलं. त्या पाठोपाठ शेजारच्या दुकानदाराचंही पत्र आलं, की आम्हालाही माणूस बसवलेलाच माल पाठवा, गिऱ्हाईक थांबतं. मामा ही गोष्ट दर लग्नात सांगायचा आणि दर लग्नात दुकानं एकेकाने वाढत जायची.

भाचीचे वडील त्याला 'बशा' म्हणत. लहानपणी वर्गातल्या पोरी तिला 'बशाची भाची' म्हणून चिडवत. त्यामुळे आपण मोठं व्हायचं, ऑफिसात काचेमागे बसायचं आणि असल्या माणसांशी संबंध ठेवायचा नाही, एवढं तिने फार लवकर ठरवून टाकलं होतं.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. इंटर्नशिप संपली की 'माझा वैयक्तिक विकास' या विषयावर तिला निबंध द्यायचा होता. विकास व्हायच्या आधीच त्यावरचा निबंध ठरलेला असतो, ही त्या शास्त्राची थोरवी.

पण विकास होत होता, नाही असं नाही. आधी ती मान तिरकी करायला शिकली. समोरचा रडायला लागला की मान डावीकडे, चिडला की उजवीकडे. मग 'मी समजू शकते' हे वाक्य काहीही न समजता म्हणायला शिकली. काढणं, हाकलणं, नारळ देणं हे शब्द त्या खात्यात शिव्यांसारखे होते. तिथे माणसाला 'मोकळं करत'. घरी आईने "भांडी घास गं" म्हटलं की भाची म्हणायची, "तुझ्या अपेक्षांचा मला आदर आहे," आणि टीव्हीसमोर जाऊन बसायची. आईला वाटायचं, पोरगी काय शिकली हो! ती शेजारणीला बोलावून पुन्हा म्हणायला लावायची.

आता त्या कारखान्याचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कारखाना काढला तो थोरल्या मालकांनी. माणूस विक्षिप्त, डोक्यात खुर्चीशिवाय दुसरं काही नाही. कामावर घेताना ते स्वतः खांद्याला धरून माणसाला खुर्चीत बसवत. त्यांनी नियम करून ठेवला होता, की कामावरून सोडायचं तर समोरासमोर बसून सोडायचं. ज्याला सोडायचं तो आपणहून खुर्चीवरून उठला आणि त्याने हात मिळवला की तो मोकळा. आणि सोडणारा आधी उठला तर विषय तिथेच संपला. मग त्या माणसाला वर्षभर कोणी हात लावायचा नाही. म्हणजे काय, तर जो आधी उठला तो हरला. मालक गेले, त्यांचा बसलेला पुतळा फाटकाशी आला, पोरं-नातवंडं मोटारीतून यायला लागली, पण नियम कोणी बदलला नाही. बदलायची वेळच आली नव्हती. नोकरी गेल्याचं ऐकून बसून राहतो कोण? कोणी संतापून उठायचा, कोणी रडू लपवायला उठायचा. फोटोवाला कारकून तर आनंदाने उठला होता. शिवाय साखरबाईंनी त्या खोलीत एक खास खुर्ची ठेवली होती. तिचे पुढचे दोन पाय किंचित आखूड. बसलेला माणूस नकळत पुढे घसरत राहायचा आणि घसरून घसरून कंटाळला की उभा राहायचा. सहानुभूतीला तेवढी सुतारकामाची जोड.

आणि साखरबाई तालीम केल्याशिवाय कोणाला मोकळं करत नसत. आदल्या दिवशी त्या इंटर्नला त्या खुर्चीत बसवत आणि सांगत, "तू आता रंगखात्यातला म्हातारा." किंवा, "तू टेलिफोनवाली, घरी तान्हं मूल." भाचीचा त्यात हातखंडा. रंगखात्यातला म्हातारा तिने असा काही उभा केला, की दाराशी उभा असलेला शिपाई डोळे पुसायला लागला. साखरबाई मात्र खूश होऊन म्हणाल्या, "बघ हं, आता तू मुलाचं नाव घेतलंस आणि तुझा आवाज हलला. म्हणजे याची दोरी मुलगा. प्रत्येक माणसाला एक दोरी असते. ती सापडली की ओढावी लागत नाही, नुसतं बोट लावायचं."

भाचीने हे मनात निबंधासाठी जपून ठेवलं.

इंटर्नशिप संपत आली तसं साखरबाईंनी तिला बोलावलं. टेबलावरची एक मुंगी नखाने बाजूला सारत त्या म्हणाल्या, "राजा, एक जागा भरायचीय माझ्या हाताखाली. कायमची. इंटर्न तर तीन-चार आहेत, पण माझं मन तुझ्यावर आहे. फक्त एकदा तुला एकटीने करताना बघायचंय. उद्या एकाला मोकळं करायचंय. मी काचेबाहेर थांबेन. जमलं तर जागा तुझी."

"कोणाला, मॅडम?"

"तो बसणारा तपासनीस आहे ना, त्याला. त्याचं काम आता यंत्र करणार."

यंत्र भाचीने पाहिलं होतं. लोखंडाचं बूड होतं ते, भलंमोठं, वर-खाली होणारं. चहा पीत नव्हतं, थापा मारत नव्हतं, डुलकी घेत नव्हतं. कारखान्यातल्या बायका त्याच्याकडे पाठ करून डबा खात.

त्या क्षणी भाचीने तोंड उघडायला हवं होतं. मॅडम, तो माझा मामा आहे, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या, एवढं बोलायला असा काय वेळ लागतो? पण तिच्या डोळ्यांपुढे ती काचेमागची खुर्ची आली. दुसऱ्या इंटर्न पोरीचं नाकाने कांदे सोलणारं थोबाड आलं. आणि बशाची भाची म्हणून ओरडणारा वर्गही आला. तिने मान डावीकडे तिरकी केली.

"मी समजू शकते, मॅडम," ती म्हणाली. "त्यांच्यासाठीही ही एक संधीच आहे."

साखरबाईंनी तिच्या गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शीळ घालत खोलीत शिरला आणि भाचीला बघून दारातच थबकला.

"अगं, तू? मला वाटलं, साखरबाईंनी बोलावलंय!"

"नमस्कार सर. बसा ना."

मामाने मागे वळून पाहिलं. "सर कोण? माझ्यामागे कोणी आलंय का?"

"आजच्या भेटीसाठी वेळ काढलात त्याबद्दल आभार."

"पगारी माणूस मी. वेळ तुमचाच. मी कुठून काढणार?" असं म्हणत मामा खुर्चीत बसला, सवयीप्रमाणे डोळे मिटून जरा डावीकडे, जरा उजवीकडे कलला आणि त्याने डोळे उघडले. "नापास. पुढचे पाय आखूड. हिला मीच मागे टाकली होती. इथे कशी आली?"

काचेबाहेर साखरबाई हातात हात गुंफून उभ्या होत्या. भाचीने घसा साफ केला आणि पाठ केलेलं सुरू केलं. कंपनी एका नव्या वळणावर आहे. तुमच्या योगदानाचा आम्हाला अभिमान आहे. प्रत्येक शेवट ही एक सुरुवात असते. मामा आ वासून ऐकत होता. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "छान बोललीस. आता काय झालं ते सांग."

"तुम्हाला आम्ही मोकळं करत आहोत, सर."

मामाला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, तो हसला. त्याने पाठ टेकली, टाचा जमिनीत रोवल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कर की मोकळं," तो म्हणाला. "मी बसलोय."

नियम तिलाही ठाऊक होता. या घसरत्या खुर्चीत आजवर कोणी चहा निवेपर्यंत टिकलं नव्हतं. पण आजवर तिथे जी माणसं बसली ती जाताजाता बसणारी होती. धंदा म्हणून बसणारा माणूस तिथे पहिल्यांदाच बसत होता.

सकाळ गेली. मामा घसरला नाही. मांडीचा नाही, मानेचा नाही, त्याचा एक स्नायू हलला नाही. एक माशी येऊन त्याच्या गुडघ्यावर बसली, फर्निचर समजून तिने पंख साफ केले आणि निघून गेली. भाची मात्र सकाळी धीर यावा म्हणून दोन कप चहा ढोसून आली होती, आणि तो चहा आता आपला हक्क मागायला लागला होता. तिने एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग दुसरा पहिल्यावर टाकला.

"लागलीय ना?" मामा आपुलकीने म्हणाला. "जाऊन ये. मी आहे इथेच."

"मी ठीक आहे, सर."

"सर-सर काय लावलंय? नाकातला शेंबूड मी पुसलाय तुझ्या."

"कामाच्या ठिकाणी आपण व्यावसायिक अंतर..."

"हात पुरेल एवढंच अंतर आहे. एक कानाखाली बसेल." पण आवाजात राग नव्हता. त्याने काचेकडे बघून साखरबाईंना हात हलवला. साखरबाईंनीही गोड हसून हलवला. "बाहेर उभी आहे बया. पाय दुखतील तिचे. तुला काय कबूल केलंय तिने?"

भाचीने काचेकडे पाहिलं.

"जागा? कायमची?" मामाने मान हलवली. "वाटलंच. माझ्याच भाचीकडून मला काढवतात आणि तिला वाटतं, आपली प्रगती झाली."

"त्यांना माहीत नाही," भाचीच्या तोंडून निघून गेलं.

"काय माहीत नाही?"

"की तू माझा मामा आहेस."

मामा बसल्या जागेवरून पहिल्यांदाच हलला. अगदी किंचित. मग म्हणाला, "म्हणजे लपवलंस? एवढे महिने मी कँटीनमध्ये 'काय गं' म्हटलं की तू भिंतीकडे बघायचीस. मला वाटायचं, पोरीला चष्मा लागला."

जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. डबे उघडल्याचे वास खोलीत आले आणि गेले. साखरबाई मध्येच जाऊन जेवून आल्या, काचेबाहेर दात कोरत उभ्या राहिल्या आणि भाचीला अंगठा दाखवला. भाचीचे दोन्ही पाय मेले होते आणि बाकी सगळं जिवंत होतं. खिडकीबाहेर कोणीतरी बादलीत नळ सोडला. ती डोळे घट्ट मिटून बसली. मामा सहृदयपणे म्हणाला, "नळाकडे लक्ष देऊ नकोस. वाळवंटाचा विचार कर."

मग जरा वेळाने तो वेगळ्या आवाजात बोलला.

"हे बघ पोरी. एकच वर्ष राहिलंय माझं. निवृत्त झालो की खुर्ची मिळते, ठाऊक आहे ना? ज्याची त्याची आवडती. सगळे मिळून खांद्यावरून घरापर्यंत पोचवतात. चाळीतले लोक दारात येऊन बघतात. मी निवडून ठेवलीय माझी. शिसवी, उंच पाठीची. आजवर कोणाला तिच्यात बसू दिलं नाही. काढलेल्या माणसाला काही मिळत नाही. तू आता उठलीस, तर मला ते वर्ष मिळतं. तुला दुसरी नोकरी मिळेल, तुझं वयच काय! मी कुठे जाऊ? बसायची नोकरी देतं कोण?"

आता इथे एखादी साधी पोरगी असती तर उठली असती. निदान बाथरूमसाठी तरी उठली असती. भाचीनेही क्षणभर खुर्चीचे हात धरले, ते मी नाकारत नाही. पण साऱ्या जन्माची फजिती त्याच्या बसण्यापायी झाली होती, आणि वर खुर्चीही मिरवायला हवी म्हणतो हा बशा! चाळीतले लोक दारात येऊन बघतील आणि म्हणतील, हिचा मामा. तिला त्याची कीव आली नाही, किळस आली. इतका तिचा विकास झाला होता.

"बरं, ते जाऊ दे," मामा म्हणाला. तोच उगीच बोलणं वाढवत होता, वेळ काढायची सवयच त्याला. "बेबीचं बीपी कसंय? गोळ्या घेते का वेळेवर? परवा आलो तेव्हा चेहरा सुजल्यासारखा वाटला. सांगितलं मी तिला, मीठ कमी कर म्हणून. ऐकते कुठे! लहानपणापासून हट्टी."

बेबी म्हणजे भाचीची आई. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला जगात बेबी म्हणणारा हा एकच माणूस उरला होता. आणि ते नाव घेताना त्याचा आवाज हलला.

भाचीने मान वर केली. तिला दोरी सापडली.

तिने पर्समधून फोन काढला. तो वाजला नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली, भुवया वर गेल्या, ओठ उघडे पडले. रंगखात्यातला म्हातारा जिने उभा केला, तिला हे काय अवघड होतं? फोन हातातून निसटता निसटता राहिला. ते मात्र थोडं खरं असावं.

"मामा," ती म्हणाली. त्या दिवसातलं पहिलंच मामा. "मामा, आई पडली. बाथरूममध्ये. शेजारच्या काकूंनी कळवलंय. उठत नाहीये म्हणे."

मामा कधी उभा राहिला हे मामालाही कळलं नाही. खुर्ची मागे उलटून पडली. तो दाराकडे दोन पावलं गेला आणि परत वळला, कारण पोर बसूनच होती. तिने हात पुढे केला होता. त्याला वाटलं, घाबरून पायातलं बळ गेलंय हिच्या, उठवत नाहीये. त्याने तिचा हात घट्ट धरला.

"चल, ऊठ, घाबरू नकोस, मी आहे ना! कुठल्या दवाखान्यात नेलंय? ऊठ पोरी!"

तिने त्याचा हात वर-खाली केला. एकदाच, पण पुरेसा.

काचेचं दार उघडलं. साखरबाई टाळ्या वाजवत आत आल्या. "सुंदर! किती सहज केलंस गं! सर, तुमच्या पुढच्या वाटचालीला आमच्या मनापासून..."

"अहो बाई, गप्प बसा जरा! माझी बहीण पडलीय!"

साखरबाईंनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मामाच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला.

"सर," ती म्हणाली, "आई बरी आहे."

"बरी आहे?"

"हो."

"पडली नाही?"

"नाही."

मामा उलट्या पडलेल्या खुर्चीकडे बघत राहिला. मग त्याने हाताचा तळवा पँटला पुसला, चांगला घासून पुसला, आणि साखरबाईंकडे वळला.

"हिला ठेवून घ्या," तो म्हणाला. "तुमच्या कामाची आहे."

तो निघून गेला. आणि आपल्या कथेची ही विजयी नायिका, जिचं अभिनंदन करायला साखरबाई हात पसरून उभ्या होत्या, ती त्यांना ओलांडून, मेलेले पाय ओढत, भिंत धरत बाथरूमकडे पळाली. सर्वांगाने वाट बघत होती ती त्या क्षणाची. नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावरही एवढं सुख झालं नाही.

संध्याकाळी ती मिठाईचा पुडा घेऊन घरी आली. आई बाहेरच्या खोलीत उभी होती, कपड्यांची घडी अर्धवट टाकून.

"आई, मी कायम झाले!"

"हो का?" आई म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. "अगं, आज दादा येऊन गेला. धापा टाकत आला. दारातूनच म्हणाला, पडली नाहीस ना? म्हटलं, मी कशाला पडू? मग माझ्याकडे नुसता बघत राहिला. चहा नको म्हणाला आणि गेला. बसला सुद्धा नाही गं. दादा आणि बसला नाही! काय झालंय त्याला? तुमच्या इथे काही झालं का?"

भाचीने पुडा टेबलावर ठेवला. "मामाला आज मोकळं केलं."

"मोकळं म्हणजे?"

"म्हणजे कंपनीच्या पुढच्या दिशेत त्याच्या भूमिकेचा..."

"काढला?"

"तसं नाही म्हणत आम्ही. त्याच्या योगदानाबद्दल सगळ्यांना..."

"कोणी काढला?"

"तो निर्णय विभागाचा असतो, आई. मी फक्त प्रक्रियेत..." भाचीला सरळ सांगायचं होतं. निदान त्या क्षणी तरी सांगायचं होतं. पण 'मी' आणि 'काढलं' हे दोन शब्द एका वाक्यात यायला तयार होईनात. मध्ये भूमिका शिरत, संधी शिरत, प्रक्रिया शिरत. तिची मान आपोआप डावीकडे तिरकी झाली. "तुला काय वाटतंय ते मी समजू शकते."

परवापर्यंत असल्याच वाक्यांसाठी शेजारणीला हाका मारणाऱ्या आईने ते ऐकून पोरीकडे असं बघितलं, जसं भलत्या वेळी दार वाजवून काहीतरी विकायला आलेल्या माणसाकडे बघतात. तिने हातातला टॉवेल खुंटीला अडकवला.

"मी पडले म्हणून त्याला कोणी सांगितलं?"

भाचीने मिठाईचा पुडा टेबलावर जरा आत सरकवला.

आईने कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, दिव्याखाली एकदा पर्समध्ये बघून गोळ्या असल्याची खात्री केली आणि दार उघडलं.

"मामाकडे चाललीस? मी येऊ?"

"तू बस," आई म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला. भाची बसली. तिने पुड्याचा दोरा सोडला आणि मिठाईचा एक तुकडा तोंडात टाकला. सकाळच्या चहापासून पोटात काही नव्हतं. तिने दुसराही खाल्ला.